जांभ्याच्या उतारावर बारमाही फुलांचा पट्टा

कोकणात घराभोवती सपाट जागा मिळणं ही चैनच. घरासाठी टेकडी कापून एक टप्पा काढतात आणि घर नि रस्ता यांच्यामध्ये लाल मातीचा उघडा उतार उरतो. मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी हौसेने नर्सरीतून फुललेली रोपं आणतात, त्या उतारावर लावतात आणि मुंबईला परततात. गणपतीला येऊन बघावं तर रोपं नाहीत, शेणखत नाही, वरची वीतभर मातीही नाही. सगळं रस्त्याकडेच्या गटारात गेलेलं असतं.

ही चूक रोपांच्या निवडीची नसते, क्रमाची असते. सपाट जमिनीवर आधी रंग ठरवून मग पाण्याकडे बघितलं तरी चालतं. उतारावर आधी पाण्याची वाट ठरते, मग माती अडवली जाते, मग बारमाही मुळं धरतात आणि या सगळ्यातून उरलेल्या फटींत हंगामी रंग भरायचा असतो. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणासाठी १० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि वरपासून खालपर्यंत साधारण ८० सेंटीमीटर उतरणारा, दिवसभर ऊन खाणारा पट्टा धरला आहे. तुमची जागा लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

उतार मोजून घ्या

डोळ्यांचा अंदाज उतारावर हमखास फसतो, म्हणून मोजा. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पट्टीवर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून ती आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून खालच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते ५० सेंटीमीटर आलं तर उतार २५ टक्के. आपल्या उदाहरणातला उतार जवळपास २७ टक्क्यांचा आहे.

पंधरा टक्क्यांच्या आत असाल तर दगडी काम न करता समपातळीत ओळी लावून भागतं. पंधरा ते पस्तीस टक्क्यांत एक-दोन बुटके गडगे, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती, घालाव्यात. त्याहून जास्त चढ असेल तर खणाखणी कमीच बरी, तिथे वाळा आणि झुडपं यांच्यावरच भिस्त ठेवा. आणि उताराच्या अगदी माथ्यावर घराचा पाया असेल किंवा एक मीटरहून उंच भिंत लागणार असेल, तर तो विषय बागेचा राहत नाही. तिथे इंजिनिअरला बोलवा.

पाण्याची वाट

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपला पट्टा ३० चौरस मीटरचा. म्हणजे त्याच्यावर थेट आभाळातून एका पावसाळ्यात सुमारे ९०,००० लिटर पाणी पडणार. शंभर मिलिमीटरचा एकच दिवस ३,००० लिटर आणतो. अंगणातून, कौलांच्या पागोळ्यांतून आणि वरच्या शेजाऱ्याच्या परसातून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. ते वरून येणारं पाणीच पट्टा फोडतं, अंगावर पडणारं नव्हे.

म्हणून पहिलं काम पट्ट्याच्या बाहेर, वरच्या अंगाला. उताराच्या माथ्याशी आडवा चर काढा, एक फूट रुंद आणि जवळपास तेवढाच खोल. चराला एका बाजूला दर मीटरला सेंटीमीटरभर उतार द्या. त्याहून जास्त दिलात तर पाणी चराचा तळच खरवडून नेईल. निघालेली माती चराच्या खालच्या कडेला बांधासारखी घालून चोपून घ्या. चराचं तोंड जिथे उघडेल तिथे घमेलंभर मोठे दगड पसरा, नाहीतर पहिल्याच पावसात त्या जागी घळ पडते. पन्हाळीचं पाणी पाइपाने थेट या चरात किंवा गटारात सोडा. शोषखड्डा मात्र गडग्याच्या वरच्या अंगाला खणू नका. मुरलेलं पाणी गडग्याच्या पाठीशी साचतं आणि पोट फुगून गडगा बाहेर येतो.

चर काढल्यावर एक पाऊस जाऊ देता आला तर फार उत्तम. अवकाळी का होईना, एखादी जोरदार सर आली की छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघा. कागदावर आखलेल्या योजनेपेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळतं.

गडगा

दगडी काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उरकावं. मे महिन्यात गडी मिळत नाहीत आणि मिळाले तरी उन्हाने काम निम्म्यावर येतं.

आधी समपातळी आखा. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो. त्यात पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरली की दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एक होते. त्या पातळीने दर दोन मीटरला खुंटी मारत जा आणि खुंट्या फक्कीने (पांढऱ्या भुकटीच्या रेषेने) जोडा. रेष वाकडी आली तर येऊ द्या. डोळ्याला सरळ दिसावी म्हणून ओढूनताणून सरळ केलेली रेष एका टोकाला खाली उतरते, आणि सगळं पाणी त्याच टोकाला धावतं.

आपल्या उदाहरणात दोन गडगे पुरतात. पायथ्याला ४० सेंटीमीटर उंचीचा एक आणि मध्यावर ३० सेंटीमीटरचा दुसरा. उरलेले दहा सेंटीमीटर दोन टप्प्यांच्या हलक्या उतारात जिरतात. असे दोन बुटके गडगे एका उंच भिंतीपेक्षा स्वस्त पडतात, दिसायला बरे असतात आणि ढासळले तरी कुणाच्या अंगावर येत नाहीत.

गडग्यासाठी जांभ्याचे तुटके चिरे चालतात. चिऱ्याच्या खाणीवर किंवा बांधकामावर ते अगदी कमी भावात मिळतात. जमिनीत वीतभर चर खणून सर्वांत मोठे दगड तळाला बसवा. तळाची रुंदी उंचीइतकीच धरा. वर जाताना गडगा टेकडीकडे झुकता ठेवा: दर सहा सेंटीमीटर उंचीला एक सेंटीमीटर आत, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या गडग्याचा माथा तळापेक्षा सहा-सात सेंटीमीटर आत येईल. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे. उभे सांधे एका रेषेत आले की गडगा तिथेच उकलतो. अधूनमधून एखादा लांब दगड आडवा, टेकडीच्या पोटात शिरेल असा घाला. पाठीमागे माती न टाकता वीतभर रुंदीची खडी किंवा चिऱ्यांच्या कपच्या भरा, त्यामागे माती.

सिमेंट वापरू नका असं मी आग्रहाने सांगेन. कोरड्या गडग्याच्या प्रत्येक फटीतून पाणी पाझरतं. सिमेंटने बांधलेल्या भिंतीला पाणी जायला नळ्या ठेवाव्या लागतात, त्या दोन वर्षांत मातीने बुजतात आणि मग भिंत पाण्याचा दाब अंगावर घेत उभी राहते. शिवाय कोरड्या गडग्यावर पावसाळ्यात शेवाळ आणि नेचे आपोआप येतात. ती हिरवाई फुकटची आहे, ती खरवडणाऱ्या उत्साही माणसाला आवरा.

माती

जांभ्याची माती आम्लधर्मी, लोहाने लाल आणि अन्नद्रव्यांच्या बाबतीत गरीब असते. पाणी तिच्यातून भराभर निघून जातं. चार महिने भिजलेली जमीन दिवाळीनंतर पाहता पाहता कोरडी पडते. तिची दुसरी खोड म्हणजे दिलेलं स्फुरद (फॉस्फरस) ती धरून ठेवते, मुळांना सहज देत नाही. म्हणून स्फुरद वरून शिंपडण्यापेक्षा हाडांचा चुरा खड्ड्यात, मुळांच्या जवळ मिसळावा.

टप्प्यांवर पाच सेंटीमीटर जाडीचा कुजलेल्या शेणखताचा थर देऊन तो वरच्या वीतभर मातीत मिसळा. तीस चौरस मीटरला दीड घनमीटर, म्हणजे जवळपास अर्धा ब्रास खत लागेल. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही त्याच्या मागे येतात. चुना सरसकट टाकू नका, आधी माती तपासून घ्या. एक्झोरा आणि अनंत यांना ही आम्ल माती मानवते, चुन्याने त्यांची पानं पिवळी पडतात.

कातळ वर आला असेल तर पहारीने फोडण्याच्या भानगडीत पडू नका. त्यावर दगडांचं कोंडाळं रचून दीड फूट माती भरा आणि तिथे उथळ मुळांची झाडं लावा.

माती धरणारी फळी

चराच्या खालच्या बांधावर वाळ्याची एक सलग ओळ लावा. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे शेजारच्या फुलझाडांच्या तोंडचं पाणी तो फारसा पळवत नाही. एक एक फुटवा १५ सेंटीमीटरवर लावला तर १० मीटरला ६५-७० फुटवे लागतील. पहिल्या वर्षी तो विरळ दिसतो, दुसऱ्या वर्षी पाती एकमेकांत गुंतून गाळ अडवणारी कुंपणी तयार होते. वर्षातून दोनदा गुडघ्याएवढा कापा आणि कापलेली पाती तिथेच झाडांच्या बुडाशी पसरा. फक्त त्याची मुळं विकायच्या मोहाने उपटू नका, उपटली की बांधही गेला. चहात घालायला काही हवं असेल तर ओळीच्या टोकाला गवती चहाचे दोन ठोंब लावा, तोही माती बऱ्यापैकी धरतो.

कुठे काय: ओलीचा नकाशा

टप्पे केले तरी उताराचा स्वभाव जात नाही. माथा कोरडा, पायथा ओला. आणि प्रत्येक टप्प्यात पुन्हा तसाच छोटा फरक असतो. गडग्याच्या माथ्याची कड सगळ्यांत आधी वाळते, तर वरच्या गडग्याच्या पायाशी असलेली टप्प्याची मागची पट्टी सगळ्यांत उशिरा. बोट मातीत खुपसून बघा, एकाच टप्प्यावर दोन हातांच्या अंतरात फरक जाणवतो.

माथ्यावर, वाळ्याच्या लगत, दुष्काळ सोसणारी मंडळी: दोन बोगनवेली छाटून झुडपासारख्या राखलेल्या, एका कोपऱ्यात चाफा, तीन-चार कोरांट्या आणि मिळाली तर एक धायटी. धायटी सह्याद्रीच्या उतारांवर रानात येते, आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला तिचीच फुलं वापरतात. जानेवारी ते एप्रिल, सगळं रान वाळलेलं असताना, ती लालभडक फुलते आणि तिच्यावर शिंजीर पक्ष्यांची वर्दळ सुरू होते. बागेच्या पुस्तकी याद्यांत ती क्वचितच दिसते, पण उतारासाठी माझी पहिली पसंती तिलाच. बोगनवेल आणि पिवळी कोरांटी यांच्या काट्यांचा आणखी एक उपयोग म्हणजे शेळ्यांना थोडा अडसर होतो.

वरच्या टप्प्यावर तीन जास्वंदी, चार-पाच एक्झोरा आणि दोन तगरी. हा पट्ट्याचा कणा. ही झाडं थोडीफार का होईना, वर्षभर फुलत राहतात. दोन झुडपांत किमान मीटरभर अंतर ठेवा आणि मागची झुडपं पुढच्यांच्या फटीत येतील अशी, एकाआड एक लावा. सरळ रांगा लावल्या तर दोन झाडांमधून पाण्याला वरून खालपर्यंत मोकळी वाट मिळते. गडग्याच्या काठाला सदाफुली आणि ऑफिस टाइम (पोर्टुलाका). दोघांनाही पाण्याचा निचरा प्राणाइतका लागतो, सपाट वाफ्यात जुलैमध्ये कुजणारी सदाफुली गडग्याच्या काठावर पावसाळा सुखरूप काढते.

खालच्या टप्प्याच्या मागच्या पट्टीत अबोली, दीड-दीड फुटावर वीस-बावीस रोपं. तिला ओल हवी, पण साचलेलं पाणी नको, आणि वरच्या जास्वंदीची दुपारनंतरची सावली मिळाली तर ती खूष असते. मध्ये मोगऱ्याची तीन-चार झाडं आणि शेवंतीसाठी राखलेली जागा. पायथ्याला, जिथे सगळी ओल शेवटी येऊन थांबते, तिथे कर्दळ आणि सोनटक्का.

उतार कुठून बघितला जाणार हेही लक्षात घ्या. रस्त्यावरून वर बघणाऱ्याला उंच झाडं मागे, म्हणजे माथ्याला, असलेली बरी. पण ओटीवर बसून खाली बघणाऱ्याला माथ्यावरची बोगनवेल सगळा पट्टा झाकते. मग ती दोन्ही टोकांना सारा आणि मधला माथा बुटका ठेवा.

मृगापासून वैशाखापर्यंत रंग

बारा महिने सगळंच फुललेलं असणार नाही, तसा हट्ट धरू नये. दर दोन महिन्यांनी पट्ट्याचा मुख्य रंग बदलावा आणि मधल्या काळात कणा रिकामा दिसू नये, एवढं साधलं तरी खूप. त्यातही घर माणसांनी भरलेलं असतं ते दोनदा, गौरी-गणपतीला आणि मे महिन्यात. पट्टा त्या दोन वेळांना ऐन भरात यावा अशी आखणी करा.

पहिल्या सरींबरोबर पावसाळी लिली जमिनीतून थेट कळ्या घेऊन वर येते. तिचे कंद खालच्या टप्प्याच्या कडेला, दहा-दहाच्या पुंजक्यांनी पेरा. जुलै-ऑगस्टमध्ये कर्दळ आणि सोनटक्का, संध्याकाळी गुलबक्षी. मग तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण मोकळ्या फटींत बी शिंपडून ठेवलंत तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकामागून एक रोपं फुलत राहतात आणि अनेक घरांत गौर तेरड्याचीच असते, तीही परसातच मिळते. शेंगा हात लागताच फुटून बी उडतं, म्हणून तेरडा एकदाच पेरावा लागतो. नको तिथली रोपं जूनमध्ये चार पानांवर असतानाच उपटा.

दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर जुलैत बी ट्रेमध्ये, छपराखाली पेरा. रोपं ऑगस्टमध्ये, पाऊस जरा उघडला की लावा. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांनी तो भरात येतो. पुढे कोरांटी, पिवळी आणि जांभळी दोन्ही. नोव्हेंबर ते जानेवारी शेवंतीचे. शेवंतीला ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहिलं तर झुडूप भरगच्च होतं. ती रात्र मोठी होऊ लागली की कळी धरते. अंगणातला दिवा रात्रभर तिच्या अंगावर पडत असेल तर पानं हिरवीगार राहतात, कळ्या मात्र लांबतात. दिवा बंद करा किंवा शेवंती हलवा.

थंडी ओसरताच बोगनवेल हातात सूत्रं घेते. तिला पाऊस संपल्यावर पाणी तोडायचं असतं. रोज पाणी पाजलेली बोगनवेल नुसता पाला वाढवते. मोगऱ्याची छाटणी थंडीच्या सुरुवातीला करा, थोडा ताण द्या आणि फेब्रुवारीत खत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून गजरे निघतील. एप्रिल-मे चाफा आणि मोगऱ्याचा. वळिवाची सर पडली की मे फ्लॉवरचे लाल चेंडू पान यायच्या आधीच उभे राहतात, त्याचे दहा-बारा कंद एक्झोराच्या बुडाशी असू द्या.

लावणी

कायमच्या झाडांचे खड्डे एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्या. झुडपाला दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे. मे महिन्याच्या शेवटी खत आणि हाडांचा चुरा मिसळून भरा. लावणी मृगाच्या पहिल्या सरींत नको. तेव्हा वरची माती भिजलेली आणि आतली तापलेली असते. आठ-दहा दिवस जाऊ द्या, आर्द्रा लागली की लावा. पुनर्वसू-पुष्याच्या झोडपणीआधी मुळांना दोन-तीन आठवडे मिळतात. ती संधी हुकली तर थेट सप्टेंबर अखेर, पण मग पहिल्या उन्हाळ्यात शिंपणं वाढेल.

उतारावरचं आळं गोल करायचं नाही. खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध, वरची बाजू उघडी, आणि आळ्याचा तळ किंचित टेकडीकडे झुकलेला. रोप मात्र आळ्याच्या मधोमध, जरा उंचवट्यावर. खोलात लावलेलं खोड पावसाळ्यात गाळाने गाडलं जातं आणि सडतं. नर्सरीच्या पिशवीतली मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ती मोकळी करून पसरा.

त्याच दिवशी उघड्या मातीवर नारळाच्या झावळ्या उताराला आडव्या टाका आणि लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवा. काथ्याची जाळी मिळत असेल तर आणखी चांगलं, पण झावळ्या घरच्याच असतात. पहिल्या पावसाळ्यापुरतं त्यांचं काम असतं, पुढे त्या तिथेच कुजतात.

पहिली दोन वर्षं

पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा. चर पाल्याने तुंबलाय का, गडग्याचा एखादा दगड सरकलाय का, कुठल्या आळ्याचा बांध फुटलाय का. फावडंभर मातीचं काम त्याच दिवशी केलं तर तेवढंच राहतं. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा, झेंडूची कोवळी रोपं त्या एका रात्रीत संपवतात.

पाऊस संपला, जमीन अजून ओली आहे, तेवढ्यात आच्छादन घाला. गवत वाळण्याची वाट बघू नका. पालापाचोळा, भाताचा पेंढा, वाळ्याची पाती, काहीही, चार बोटं जाड. कोकणात पाला गोळा करून जाळायची सवय जुनी आहे. उतारावर तरी ती सोडा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, वाळवी आच्छादनातूनच खोडावर चढते. जास्वंद आणि मोगऱ्याच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पोकळ बाजू वर करून पुरली तर ती पाणी धरून ठेवतात.

शिंपताना नळी सोडून देऊ नका. उतारावर निम्मं पाणी वाहून जातं. ठिबक लावणार असाल तर मुख्य नळी समपातळीच्या ओळींनी फिरवा, वरून खाली सरळ टाकली तर पायथ्याची झाडं पाणी पितात आणि माथ्याची कोरडी राहतात. पहिल्या उन्हाळ्यात झुडपांना आठवड्यातून दोनदा भरपूर, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. रोज थोडंथोडं दिलेल्या पाण्याने मुळं वरच्या वर राहतात. तिसऱ्या वर्षापासून माथ्यावरची धायटी, कोरांटी आणि बोगनवेल यांना पाणी देऊ नका.

हे लावू नका

नर्सरीवाला उतारासाठी पहिलं नाव घेईल ते वेडेलियाचं. पिवळी फुलं, भराभर पसरते, माती झाकते, सगळं खरं. पण ती थांबत नाही, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाने रानात शिरते. घाणेरीचंही तेच. दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहेत. पिवळा-केशरी कॉसमॉसही रस्त्याकडेने डोंगर व्यापत चालला आहे. जमीन झाकायला फुलणारा रानभुईमूग लावा. तो मुळांतून नत्रही देतो, आणि आवाक्याबाहेर गेलाच तर विळ्याने आवरता येतो.

कण्हेर उतारावर उत्तम टिकते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, पण ती जीवघेणी विषारी आहे. कळलावीचंही तसंच, तिचा कंद विशेषतः. घरात लहान मुलं असतील तर दोन्ही टाळा. छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या गोठ्याच्या बाजूला टाकू नका आणि चुलीत तर मुळीच घालू नका, तिचा धूरही बाधतो.